वंडूरहून जॉली बॉयला: अंदमानच्या सागरी उद्यानात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अंदमानच्या सागरी उद्यानात मी दोनदा गेलो, पण प्रत्यक्ष बेटावर एकदाच पोहोचलो. पहिल्या खेपेस आम्ही सहकुटुंब सकाळी आठ वाजता पोर्ट ब्लेअर शहराबाहेरच्या वंडूरच्या जेटीवर उभे होतो आणि आमच्या हातात परवाना नव्हता. ‘परवाना तिथेच मिळतो’ असे ज्या एजंटने सांगितले होते, तो फोन उचलत नव्हता. बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली आणि आम्ही शहरात परतलो. दोन वर्षांनी नीट तयारी करून पुन्हा गेलो, तेव्हा लक्षात आले की या सहलीत पाण्यावर आणि पाण्यात मिळणारा वेळ जेमतेम दोन-अडीच तासांचा असतो आणि तो पदरात पडणार की नाही, हे जवळजवळ सगळे आदल्या दिवशीच ठरलेले असते. म्हणून हा लेख आदल्या दिवसाच्या तयारीकडे झुकलेला आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. या उद्यानाचे नाव महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९८३ साली ते स्थापन झाले. दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळची पंधरा बेटे आणि त्यांच्यामधल्या खाड्या मिळून सुमारे २८१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश आहे. आकडा मोठा वाटला, तरी पर्यटकाच्या वाट्याला त्यातला फार थोडा भाग येतो: एका वेळी एक बेट, त्या बेटाची एक पुळण आणि तिच्यासमोरचा दोरीने आखलेला पाण्याचा तुकडा. संपूर्ण उद्यान ‘पाहून’ येण्याची कल्पना मनातून काढून टाकली, तर हा तुकडा पुरून उरतो.

१. आधी ऋतू आणि वार पाहावा, मग बेत आखावा

पर्यटकांसाठी दोन बेटे आळीपाळीने उघडी असतात. साधारणपणे हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मे महिन्यापर्यंत जॉली बॉय आणि पावसाळी महिन्यांत रेड स्किन. बदलाची नेमकी तारीख वन विभाग जाहीर करतो. या आलटापालटीमुळे दोन्ही बेटांभोवतीच्या प्रवाळांना वर्षातून काही महिने माणसांपासून विसावा मिळतो. जॉली बॉय खुल्या समुद्राच्या बाजूला असल्याने तिथले पाणी अधिक नितळ असते, तर रेड स्किन वंडूरला जवळ पडते. पर्याय असेल, तर जानेवारी ते एप्रिल हा काळ निवडावा. त्या दिवसांत समुद्र शांत असतो आणि ऊन सरळ तळापर्यंत पोहोचते.

सोमवारी उद्यान बंद असते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळे लिहीत आहे, कारण सहल कंपन्यांच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत ‘दिवस चौथा: जॉली बॉय’ असे लिहिलेले असते आणि त्या चौथ्या दिवशी कोणता वार येतो, हे कोणी मोजलेले नसते. आपल्याकडचे बहुतेक लोक सेल्युलर जेल डोळ्यांसमोर ठेवून अंदमानला येतात आणि ते योग्यच आहे. सावरकरांनी १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे जिथे काढली, ती कोठडी पाहिल्यावाचून परतणारा मराठी माणूस विरळाच. पण मग उरलेल्या दिवसांत समुद्र कसाबसा कोंबला जातो. बेत आखताना आधी बेटाचा दिवस पक्का करावा आणि जेल त्याच्या मागेपुढे ठेवावे, कारण जेल शहरातच आहे.

पंचांग वाचता येत असेल, तर आणखी एक फायदा होतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोराने येते आणि जाते, आणि प्रवाळांवर गाळ उठतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी त्या मानाने संथ राहते. मालवणच्या कोणत्याही नाखव्याला हे ठाऊक असते. अंदमानचा समुद्रही चंद्राचे तेच ऐकतो.

२. परवाना आणि बोटीचे तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आमची पहिली चूक इथेच झाली. उद्यानात प्रवेशाचा परवाना वन विभागाचा असतो, तर बोट खाजगी चालकांची असते. एकाचे पैसे भरले म्हणजे दुसरे मिळाले, असे समजू नये. दोन्ही कामे आदल्या दिवशी किंवा त्याही आधी शहरातच उरकावीत. (शहराचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. टॅक्सीवाले अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात आणि दोन्ही नावांनी काम होते.) पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात चौकशी केली की चालू पद्धत कळते. एजंटमार्फत जायचे असेल, तर त्याच्याकडून तोंडी आश्वासन घेऊ नये. परवान्याचा कागद आदल्या रात्रीच हाती घ्यावा आणि त्यावरची नावे, तारीख आणि बेटाचे नाव स्वतः वाचावे.

शुल्क वेळोवेळी बदलते, म्हणून येथे रकमा देत नाही. परदेशी नागरिकांना भारतीयांपेक्षा बरेच जास्त शुल्क पडते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले नातेवाईक बरोबर असतील, तर त्यांच्या पासपोर्टचा रंग कोणता हे आधीच विचारून घ्यावे, म्हणजे खिडकीपाशी सगळ्यांसमोर तो विषय निघत नाही.

बोटी मोजक्या असतात आणि दिवाळी, नाताळ व मे महिन्याच्या सुट्टीत त्या आधीच भरतात. अशा वेळी ‘दुपारची बोट’ नावाची गोष्ट मिळेल या आशेवर राहू नये. बोटी सकाळीच सुटतात.

३. बरोबर काय घ्यावे आणि काय घेऊ नये

कागदपत्रे: प्रत्येक प्रौढाचे छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र, मुलांचे आधार कार्ड किंवा शाळेचे ओळखपत्र, परवाना आणि बोटीचे तिकीट, शिवाय या सर्वांची एक छायाप्रत. परदेशी नागरिकांनी पासपोर्ट आणि असल्यास ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) न्यावे. हे सर्व कागद जिपर असलेल्या जाड कापडी पाकिटात ठेवावेत. प्लास्टिकची पिशवी का चालत नाही, ते पुढे येईलच.

रोख रक्कम सोबत ठेवावी, तीही सुट्ट्या नोटांत. चेन्नईहून समुद्राखालून आलेली ऑप्टिकल फायबर केबल २०२० साली सुरू झाल्यापासून शहरात इंटरनेट सुधारले आहे, परंतु वंडूरला मोबाइलने पैसे देण्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे आणि बेटावर तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

कपड्यांबाबत माझे मत ठाम आहे. पूर्ण बाह्यांचा, अंगाला चिकटून बसणारा पोहण्याचा सदरा प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी घालावा. बेटाचे अक्षांश साधारण साडेअकरा अंश आहेत, ऊन डोक्यावर असते आणि पाण्यात पालथे तरंगताना पाठ भाजते हे लक्षातही येत नाही. ऊन अडवणाऱ्या मलमांपैकी ज्यांत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असतात, ती प्रवाळांना घातक ठरत असल्याच्या कारणावरून हवाईने २०२१ पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी घातली. सदरा घातला की चेहऱ्यापुरते मलम पुरते आणि ते झिंक ऑक्साइडचे असावे.

पायांत रबरी तळाचे, मागून बंद असणारे बूट हवेत. साध्या चपला पाण्यात निसटतात. पुळणीवर वाळूमाश्या चावतात आणि ती खाज आठवडाभर राहते, म्हणून कोरडी लुंगी किंवा सुती पायजमा बरोबर असावा. जवळचे दिसत असले पण दूरचे दिसत नसेल, म्हणजे उणे नंबरचा चष्मा असेल, तर स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे तोंडात नळी धरून पालथे तरंगत पाण्याखाली पाहण्याच्या, मुखवट्यात तो चष्मा बसत नाही. नंबरचा मुखवटा आपल्या शहरातूनच घेऊन जावा. मिशा असलेल्यांच्या मुखवट्यात वरच्या ओठापाशी पाणी शिरते. यावर मला आजवर एकच खात्रीचा उपाय सापडला आहे आणि तो न्हाव्याकडे मिळतो.

४. आदल्या दिवसाची दुपार संग्रहालयात घालवावी

शहरात भारतीय नौदलाचे समुद्रिका हे संग्रहालय आहे. तिथे शिंपले, प्रवाळांचे नमुने, माशांच्या काचटाक्या आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तेही सोमवारी बंद असते. बरेच लोक ते ‘वेळ उरला तर’ म्हणून शेवटी ठेवतात. मी म्हणेन, ते आधी पाहावे. मेंदूच्या वळ्यांसारखे दिसणारे प्रवाळ, सांबराच्या शिंगांसारखे फुटलेले प्रवाळ आणि एकेकटे पडलेले अळंबीसारखे प्रवाळ, एवढे तीन प्रकार जरी संग्रहालयात नीट पाहून ठेवले, तरी दुसऱ्या दिवशी पाण्याखाली नुसते ‘दगड’ दिसत नाहीत. माझी नऊ वर्षांची मुलगी या तिघांची चित्रे वहीत काढून आली होती आणि बोटीत आम्हा मोठ्यांना तीच नावे सांगत होती.

५. वंडूरपर्यंतचा रस्ता आणि जेटीवरची झडती

वंडूर शहरापासून सुमारे २९ किलोमीटरवर आहे. सरकारी बस जाते, पण सकाळच्या वेळेचे गणित चुकू नये म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी टॅक्सी करावी आणि ती परतीपर्यंत थांबवून ठेवावी. साडेसहाच्या सुमारास निघून आठच्या आत जेटीवर पोहोचावे. ही वेळ ऐकून कपाळाला आठ्या घालू नयेत. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश आहे, घड्याळ मात्र तेच; त्यामुळे सूर्य तिथे मुंबईपेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि सहा वाजता चांगले ऊन पडलेले असते. याची दुसरी बाजू अशी की हिवाळ्यात संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो, म्हणून परतल्यावर ‘आणखी एक किनारा’ करण्याचे बेत फसतात.

जेटीवर नोंदणी होते आणि सामान तपासले जाते. उद्यानात प्लास्टिक नेता येत नाही. पाण्याच्या विकतच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, बिस्किटांचे पुडे, कॅरीबॅग, सगळे बाजूला काढले जाते आणि त्यावर हुज्जत घालून काही निष्पन्न होत नाही. अपरिहार्य वस्तू अनामत रक्कम घेऊन नेऊ देतात आणि परत येताना ती वस्तू दाखवली की रक्कम मिळते. सोपा मार्ग म्हणजे घरून स्टीलच्या बाटल्या आणि स्टीलचे डबे नेणे. बेटावर खाण्याचे दुकान नाही आणि पिण्याचे पाणीही नाही, त्यामुळे माणशी किमान दीड लिटर पाणी भरून घ्यावे. आम्ही दशम्या, चटणी आणि केळी नेली होती. केळ्याच्या सालीही परत आणाव्या लागतात, हे आईला पटायला थोडा वेळ लागला. ‘साल तर कुजते’ हे तिचे म्हणणे खरे असले, तरी नियम नियम असतो.

जेटीवरच स्वच्छतागृहात जाऊन यावे. बेटावर त्या सोयीची अपेक्षा ठेवू नये.

वेळ उरला, तर जेटीच्या आसपासचा किनारा नीट पाहावा. खाऱ्या पाण्यात उभी असलेली वाळकी झाडे दिसतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली, समुद्र आत आला आणि मुळांपर्यंत खारे पाणी पोहोचलेली झाडे उभ्याउभ्या मेली. त्याच भूकंपात उत्तर अंदमानचा काही किनारा उलट वर उचलला गेला आणि तिथली प्रवाळे उघडी पडली. वंडूरच्या किनाऱ्यावर मात्र पोहायला उतरू नये. या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तसे फलक लावलेले आहेत आणि ते फलक शोभेचे नाहीत.

६. बोटीचा प्रवास

नऊच्या सुमारास बोट सुटते आणि जॉली बॉयला पोहोचायला साधारण तासभर लागतो. सुरुवातीचा भाग दोन्ही बाजूंच्या कांदळवनांमधून जातो, पाणी तळ्यासारखे स्थिर असते. बेटांच्या आडोशातून बाहेर पडल्यावर बोट हलू लागते. ज्यांना एसटीच्या घाटात त्रास होतो, त्यांनी निघण्याआधी अर्धा तास डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी, बोटीच्या मधल्या भागात बसावे आणि मोबाइलकडे न पाहता क्षितिजाकडे पाहावे. जीवरक्षक जॅकेट पूर्ण वेळ बांधलेले असावे.

जॉली बॉयला मोठ्या बोटीसाठी धक्का नाही. बोट थोड्या अंतरावर नांगर टाकते आणि तिथून काचेच्या तळाच्या लहान नावेतून किनाऱ्यावर नेतात. एका नावेतून दुसरीत पाय टाकताना दोन्ही नावा हलत असतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी हे ध्यानात घेऊनच यावे. माझ्या आईने बहात्तराव्या वर्षी हे पाऊल टाकले, पण दोन खलाशांचे हात धरून आणि घाई न करता. खलाशांशी हिंदीत बोलावे. अंदमानात बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळम अशा अनेक मातृभाषांचे लोक राहतात आणि एकमेकांशी हिंदीत बोलतात.

७. काचेतून काय पाहावे

तिकिटात काचेच्या तळाच्या नावेची एक छोटी फेरी बहुधा धरलेली असते आणि अधिक लांबची फेरी जादा पैसे देऊन मिळते. पोहता न येणाऱ्यांनी ही लांबची फेरी जरूर घ्यावी. फोटो हवा असेल, तर मोबाइलची भिंग काचेला अगदी टेकवावी आणि वरून पंचा धरावा, नाहीतर फोटोत आकाश आणि आपलेच नाक येते.

येथे अपेक्षाभंग टाळणे महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जाहिरातींमधली निळी-गुलाबी प्रवाळे पाहून आलेला माणूस काचेखाली पाहतो आणि त्याला पिवळट-तपकिरी, शेवाळी रंगाचे उंचवटे दिसतात. ‘सगळे मेलेले आहे’ असे म्हणून तो मान वर करतो. वास्तविक तो तपकिरी रंग बहुधा जिवंतपणाचीच खूण असते. प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. तो रंग त्या शैवालाचा असतो. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे मोठे विरंजन झाले. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरते, नाहीतर मरते आणि मेलेल्या सांगाड्यावर तंतूंसारखे शेवाळ वाढते. तेव्हा जॉली बॉयच्या तळाशी तिन्ही अवस्था शेजारी शेजारी दिसतात: मोडलेल्या फांद्यांचा राडा, शेवाळाने माखलेले जुने सांगाडे आणि त्यांच्यावर नव्याने बसलेल्या मुठीएवढ्या वसाहती. मला या तिसऱ्या गोष्टीकडे पाहत राहावेसे वाटले. भरीव गोल प्रवाळ वर्षाला चहूबाजूंनी साधारण एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे फुटबॉलएवढा गोळा दिसला तर तो बहुधा दहा वर्षे तिथेच तग धरून आहे.

शिवाय पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे थोड्या खोलीवर गेल्यावर लाल वस्तूही काळपट दिसते. रंग पाहायचे असतील, तर माशांकडे पाहावे: प्रवाळ कुरतडणारे निळे-हिरवे पोपटमासे, जोडीने फिरणारे पिवळे फुलपाखरूमासे आणि समुद्रफूल (सी ॲनिमोन) नावाच्या प्राण्याच्या विषारी बोटांमध्ये लपणारे नारिंगी विदूषकमासे. वाळूवर पडलेली काळी लांबोडकी वस्तू दिसली, तर ती समुद्रकाकडी; तोही एक प्राणीच. प्रवाळांच्या खाचेत निळसर, मखमली ओठांचा शिंपला दिसला, तर तो महाकाय शिंपल्याच्या कुळातला. नाव त्याच्यावरून गेली की सावली पडते आणि तो झटकन मिटतो.

८. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी

स्नॉर्केलिंगचे साहित्य आणि मार्गदर्शक बेटावर मिळतात. मुखवटा घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्याला दाबून नाकाने श्वास आत ओढावा. तो पडला नाही, तर मापाचा आहे. काचेला आतून थुंकी चोळून विसळली की धुके धरत नाही. ऐकायला बरे वाटत नाही, पण जगभरचे पाणबुडे हेच करतात. पाण्याखालची वस्तू प्रत्यक्षाहून मोठी आणि जवळ दिसते, म्हणून ‘इथे पाणी कमीच आहे’ किंवा ‘हात पोहोचेल’ असे डोळ्यांनी ठरवू नये.

आखलेल्या दोरीच्या आत राहावे. पोहता येत असले, तरी जॅकेट घालावे, कारण जॅकेट असले की माणूस दमल्यावर पाय खाली टेकत नाही, आणि सर्वाधिक नुकसान त्या टेकलेल्या पायांनीच होते. शिंगांसारखे प्रवाळ एका टाचेने मोडते. प्रवाळाने पाय कापला, तर जखम चिघळते, आणि फटींमध्ये अर्चिन नावाचे काटेरी गोल प्राणी बसलेले असतात. मार्गदर्शक बक्षिसीच्या आशेने एखादा तारामासा किंवा समुद्रकाकडी उचलून हातावर ठेवू लागला, तर नको म्हणावे. आमच्या मार्गदर्शकाने तसे केले. मी नको म्हटल्यावर त्याने ती जागच्या जागी ठेवली आणि पुढे अर्धा तास फार मन लावून विदूषकमाशांची घरे दाखवली.

मालवणला स्नॉर्केलिंग केलेल्यांना इथले पाणी बरेच नितळ वाटेल, मात्र माशांना खाणे टाकून गोळा करण्याची सवय इथे आणू नये.

९. परतीच्या बोटीत चढण्यापूर्वी

दुपारी बोट निघण्याची हाक आली की घाईत वस्तू राहतात. आपली मोजदाद करून ठेवलेली असावी: बाटल्या, डबे, साली, मुलांचे बूट. अनामत दिली असेल, तर पावती वरच्या खिशात असावी.

त्याच वेळी मुलांचे खिसे तपासावेत. शिंपले, शंख, प्रवाळाचे तुकडे, अगदी पुळणीवर मेलेले पडलेले तुकडेसुद्धा उद्यानातून उचलता येत नाहीत. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे आणि वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना असे तुकडे यंत्रात दिसतात. बाजारातून शंखांच्या वस्तू घेतल्या असतील, तर त्यांची पावती जपून ठेवावी आणि पावती न देणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये. आमच्या मुलीच्या खिशात पांढरा, बोटाएवढा, शिंगासारखा एक तुकडा निघाला. तो तिने लपवला नव्हता; ती त्याचे चित्र काढणार होती. चित्र तिने बोट येईपर्यंत वाळूत बसून काढले आणि तुकडा जिथून उचलला होता तिथे, ओल्या वाळूच्या रेघेवर, ठेवून आली.